मुंबई ते दिल्ली : अंतर किती आणि वेळ किती?

कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले की त्याचा विषय बहुधा ठरलेला असतो. बोनस, महागाई, नाही तर कामगार कायदे. या वर्षी चालकांनी विषयाची निवड आमच्यावरच सोपवली आणि आम्ही वरील विषय कळवला, तेव्हा पत्रात काही तरी चूक झाली असावी असे त्यांना वाटले. त्यांचेही बरोबर होते. मुंबईहून दिल्ली किती लांब आणि विमानाला किती वेळ लागतो, हा प्रश्न शाळकरी मुलाचा आहे आणि त्याचे उत्तर एका ओळीत देता येते : विमानतळापासून विमानतळापर्यंत सुमारे १,१४० किलोमीटर आणि सव्वादोन तास. एवढे सांगून आम्ही खाली बसलो असतो तरी कोणी आम्हांला खोटे ठरवले नसते.

पण संघटनेच्या कामानिमित्त आमच्या दिल्लीच्या खेपा पुष्कळ झाल्या, आणि एकाही खेपेस आमचा हिशेब या दोन आकड्यांशी जुळला नाही. हा न जुळलेला हिशेब आम्हांला स्वस्थ बसू देईना. कामाचा तास कोठून सुरू होतो आणि कोठे संपतो, यावर आम्ही मालकांशी जितका वाद घातला असेल तितका पगाराच्या आकड्यावरही घातला नसेल. गेटपासून मोजावयाचे की यंत्रापासून, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तोच धडा विमानाला लावून पाहिला तर काय दिसते, ते येथे मांडत आहोत.

प्रथम अंतर घेऊ. अंतर म्हटले की दोन टोके आली, आणि भांडण असते ते टोकांचेच. मुंबईचे टोक कोणते? ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत या शहरात मैलाचे दगड बसवले गेले, ते फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून मोजलेले होते. त्यांपैकी काही अजून रस्त्याकडेला निम्मे गाडलेले सापडतात. मैल मोजणाऱ्या गोऱ्या साहेबाची मुंबई त्या चर्चच्या दाराशी सुरू होत होती. माझगाव, परळ या त्याच्या लेखी वाटेवरच्या वस्त्या. रेल्वे आली तशी टोके बदलली. आज मुंबई सेंट्रलहून सुरत, बडोदा, रतलाम, कोटा या वाटेने नवी दिल्ली सुमारे १,३८५ किलोमीटर पडते. तीच दिल्ली बोरीबंदरहून, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी या वाटेने गाठावयाची म्हटली तर पंधराशेच्या वर जाते. मोटारीने गेलात तर चौदाशेच्या आसपास. दोन्ही शहरे आपापल्या जागी आहेत आणि अंतरे तीन झाली.

विमानाचे अंतर चौथे. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो, साधारणपणे धावपट्ट्यांच्या मध्याच्या जवळ, आणि त्याचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. मुंबई-दिल्ली हवाई अंतर म्हणतात ते या दोन बिंदूंमधले. त्या बिंदूवर प्रवाशाचे घर नसते, कचेरी नसते, टॅक्सीही उभी राहत नाही. तरी सर्व कोष्टकांत छापतात तो आकडा हाच.

हा आकडा येतो कसा, हे आम्ही स्वतः करून पाहिले आहे आणि ज्यांना त्रैराशिक येते त्यांनाही करता येईल. मुंबईचा विमानतळ साधारण १९ अंश ५ कलांवर आहे, दिल्लीचा २८ अंश ३४ कलांवर. म्हणजे दिल्ली सुमारे साडेनऊ अंश उत्तरेला. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आणि वर्तुळाचे अंश ३६०; तेव्हा एका अंशाला १११ किलोमीटर आले. साडेनऊ अंशांचे झाले सुमारे १,०५४. आता दिल्ली पूर्वेलाही सव्वाचार अंश आहे. पण येथे सावध राहावयास हवे. रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, संत्र्याच्या फोडी देठाकडे निमुळत्या होतात तशा. आपल्या वाटेच्या मध्यावर, म्हणजे चोविसाव्या अक्षांशाच्या आसपास, एका अंशाला १११ ऐवजी १०२ किलोमीटरच पडतात. सव्वाचार अंशांचे झाले सुमारे ४३०. एक बाजू १,०५४, दुसरी ४३०, मधला कोन काटकोन. शाळेतला पायथागोरस काढला की कर्ण येतो १,१३८ किलोमीटर. आमच्याकडे शाळेचे प्रमाणपत्र नाही, त्यामुळे हा कर्ण कागदावर उतरला त्या रात्री आम्हांला जो आनंद झाला तो येथे लपवत नाही.

लंडन किंवा न्यूयॉर्कसाठी मात्र ही युक्ती चालणार नाही. तेथे पृथ्वीचा गोलपणा आड येतो. अशा वेळी पृथ्वीच्या गोळ्यावर दोन शहरांमध्ये सूत ताणून धरावे. सूत जेथे बसेल तो सर्वांत जवळचा मार्ग. भिंतीवरच्या सपाट नकाशात तोच मार्ग धनुष्यासारखा वाकलेला दिसतो आणि पोरे विचारतात की विमान असे वळसा घालून का जाते. वळसा नकाशाचा असतो, विमानाचा नव्हे. मुंबई-दिल्ली मार्ग लहान आणि बराचसा दक्षिणोत्तर, म्हणून येथे सुताची आणि पट्टीची रेघ जवळजवळ एकच येते. वैमानिक किलोमीटरही वापरत नाहीत. ते सागरी मैल मोजतात, म्हणजे अक्षांशाची एक कला, १,८५२ मीटर. त्यांच्या भाषेत दिल्ली सुमारे ६१५ मैल.

एवढे करूनही १,१४० किलोमीटर कोणतेच विमान नेमके उडत नाही. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून विमान बहुतेक वेळा पश्चिमेला तोंड करून सुटते, कारण वारा समुद्रावरून येतो आणि विमानाला वाऱ्याच्या तोंडावरच उडावे लागते. दिल्ली आहे ईशान्येच्या अंगाला. म्हणजे प्रवासाचा आरंभच दिल्लीकडे पाठ करून होतो. जुहूचा किनारा ओलांडून समुद्रावर गेल्यानंतर विमान उजवीकडे वळते. तिकडे दिल्लीलाही बहुधा पश्चिमेकडे तोंड करूनच उतरावयाचे असते, तेव्हा दक्षिणेकडून आलेले विमान शहराच्या पूर्वेला जाऊन, रांग धरून, मागे वळते. मध्ये आकाशातही ठरलेल्या वाटा असतात, ठरलेले नाके असतात, लष्कराने राखून ठेवलेले टापू असतात. या सर्वांमुळे पन्नास-शंभर किलोमीटर सहज वाढतात, आणि ते तिकिटावर कोठे लिहिलेले नसतात.

आता वेळ. आजचे जेट विमान उंचीवर पोहोचल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जाते. त्या वेगाने १,१४० किलोमीटरला लागतात ८२ मिनिटे. वेळापत्रकात मात्र दोन तास दहा मिनिटांपासून दोन तास वीस मिनिटांपर्यंत वेळ दिलेला असतो. मधली पन्नास मिनिटे गेली कोठे?

काही चढण्या-उतरण्यात जातात. विमान सुटल्याबरोबर त्या वेगाने धावत नाही. वर चढण्यास वीस-पंचवीस मिनिटे आणि खाली येण्यास जवळपास तितकीच लागतात, आणि त्या काळात वेग कमी असतो. शिवाय वर सांगितलेला वळसा आहे. थंडीच्या दिवसांत उत्तर हिंदुस्थानावर फार उंचावरून पश्चिमेचा जोरदार वारा वाहतो. तो ताशी १५० किलोमीटर धरला, तर आपला मार्ग त्याला बराचसा आडवा असल्यामुळे त्यातले पन्नास-पंचावन्नच दिल्लीकडे जाताना पाठीशी येतात आणि परतताना तितकेच छातीवर. तोही वाटेच्या उत्तर भागातच भेटतो, म्हणून जाण्यायेण्यात पाचदहा मिनिटांचाच फरक पडतो.

मुख्य मिनिटे खर्च होतात ती जमिनीवर. मुंबईच्या सांताक्रूझ-अंधेरीच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असताना दुसरीवर सोडता येत नाही, त्यामुळे दोन असून एकच. त्या एकीवरून दिवसाला नऊशेहून अधिक विमाने चढउतार करतात. परळच्या पुलावर सकाळी नऊ वाजता ज्यांनी रांग पाहिली आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. विमान दारे लावून निघते आणि आपल्या पाळीची वाट पाहत चालत राहते. दहा मिनिटे, कधी वीस. दिल्लीला उतरल्यावर धावपट्टीपासून फाटकापर्यंतचा फेरा पुन्हा तसाच.

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे, कारण वेग वाढत चालला आहे अशी एक सरसकट समजूत असते. टाटांनी १९३२ मध्ये कराची-मुंबई-मद्रास टपाल सुरू केले, आणि १९३७ मध्ये मुंबई-दिल्ली सेवा निघाली ती इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबे घेत. पुढे डाकोटा विमाने आली; त्यांचा वेग ताशी तीनशेच्या आतच, म्हणजे सरळ गेले तरी चार तास. १९४९ मध्ये रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले आणि त्याचे केंद्र आमचे नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथून विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चौघे आपापल्या गावी परत. संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी दिल्लीत. त्या काळातले कारकून, हमाल, तेल भरणारे यांनी भर रात्री सोनेगावच्या माळावर उभे राहून ही करामत केली. १९५३ मध्ये आठ कंपन्या एकत्र करून सरकारने इंडियन एअरलाइन्स काढली, १९५७ मध्ये व्हायकाउंट आली, ताशी पाचशेच्या वर. आणि १९६४ मध्ये कॅराव्हेल हे जेट आले, आठशेच्या घरात.

त्यानंतर वेग वाढलेला नाही. साठ वर्षे होऊन गेली; विमाने मोठी झाली, तेल कमी पिऊ लागली, तिकीट कारकुनाच्या आवाक्यात आले, पण मुंबई-दिल्ली वाटेवर हवेतला वेग जवळपास तेथेच आहे. तेल वाचवण्यासाठी कंपन्या कधी तो मुद्दाम थोडा उतरवतात. वेळापत्रकातला वेळ उलट वाढला, आणि त्याला गर्दीखेरीज आणखी एक कारण आहे. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत सुटलेले वा पोहोचलेले विमान वेळेवर धरतात, आणि कोणत्या कंपनीची किती टक्के विमाने वेळेवर, याचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. मग कंपनी काय करते? एक तास पन्नास मिनिटांच्या प्रवासाला सव्वादोन तास लिहिते. विमान उशिरा सुटले तरी वेळेवर पोहोचते, आणि वेळेवर सुटले तर वैमानिक ध्वनिक्षेपकावरून आपण वीस मिनिटे आधी आलो असे सांगतो आणि आपण खूश होतो. यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. काही अवकाश राखून ठेवणे शहाणपणाचे आहे. पण छापलेला वेळ हा मोजलेला नसून ठरवलेला असतो, एवढे ओळखून असावे.

ठरवलेला म्हणजे कोणापासून कोणापर्यंत? बैलगाडी चढावर उभी केली की चाकाला दगड लावतात. विमान उभे असतानाही त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. सुटताना ठोकळे काढून विमान जागेवरून हलते तेव्हा घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या टोकाला विमान थांबून ठोकळे लागले की घड्याळ बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. वेळापत्रकातले सव्वादोन तास ते हेच. ठोकळे हलण्यापूर्वीचे आणि लागल्यानंतरचे जे काही असेल ते या हिशेबाच्या बाहेर. आम्हांला हे पुस्तकातून कळले नाही.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही तिघे पहाटेच्या विमानाने दिल्लीस निघालो. दिल्लीतल्या एका कचेरीत दुपारी आमच्या प्रकरणाची सुनावणी होती आणि बरोबर कागदांचे दोन गठ्ठे होते. दिल्लीवर धुके होते. विमानाने घिरट्या घातल्या आणि शेवटी जयपूरला जाऊन उतरले. तेथे दोन तास आम्ही विमानातच बसून. धुके थोडे निवळले, तेव्हा सांगण्यात आले की कर्मचाऱ्यांच्या कामाची मर्यादा संपत आहे, दुसरे कर्मचारी येईपर्यंत हे विमान जाणार नाही. यावर जो गोंगाट झाला तो विचारू नका. सुटाबुटातले एक गृहस्थ एका हवाई सेविकेवर असे ओरडले, की आमच्या चाळीत कोणी असे ओरडले असते तर शेजारी धावून आले असते. ती मुलगी मान खाली घालून सर्वांना पाणी देत होती. नावाची पट्टी मराठी दिसली म्हणून आम्ही विचारले, "बाई, तुमची हजेरी केव्हाची?"

"काका, रात्री दहाला घर सोडलं," ती म्हणाली. "अकराला हजेरी. एक कोलकाता करून आले, मग हे दिल्ली."

"म्हणजे बारा तास होत आले. सगळे धरतात ना?"

ती जरा हसली. "ड्यूटीत धरतात. पैशात नाही. उडण्याचा भत्ता असतो तो विमान हलल्यापासून थांबेपर्यंतचा. आता आपण उभे आहोत ना, हे नाही मोजत."

म्हणजे आमच्या शिव्या ती ज्या दोन तासांत खात होती ते तास तिच्या भत्त्याच्या वहीत नव्हतेच. गिरणीत साचा बंद पडला की विणकराचा पीसरेट बंद होतो, यंत्र बिघडले त्यात त्याचा काही दोष नसला तरी. आमच्या वडिलांच्या पिढीने त्यासाठी संप केले. तीच गोष्ट पांढऱ्या हातमोज्यांत पुन्हा भेटली. आम्ही पुढे बसने दिल्लीस गेलो, सुमारे २७० किलोमीटर. पोहोचलो तेव्हा कचेरीला कुलूप होते आणि पुढल्या महिन्याची तारीख पडली होती.

हे गाऱ्हाणे केवळ आपल्या देशातले नाही. १६ ऑगस्ट २०२५ रोजी एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक हवाई सेवकांनी संप केला. त्यांच्या मुख्य मागण्यांपैकी एक हीच होती : विमान जमिनीवर असताना आम्ही प्रवासी चढवतो, सामान लावतो, सुरक्षिततेची तपासणी करतो, त्या वेळेचे पैसे द्या. संप सुरू झाल्यानंतर काही तासांतच तेथील सरकारने कामावर परत जाण्याचा हुकूम काढावयास लावला. संघटनेने तो मानला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तडजोड झाली आणि जमिनीवरच्या वेळेचा काही मोबदला द्यावयाचे ठरले. अमेरिकेत डेल्टा कंपनीने २०२२ पासूनच प्रवासी चढवण्याच्या वेळेसाठी निम्म्या दराने पैसे देण्यास सुरुवात केली होती, तेही तेथे संघटना बांधण्याचे प्रयत्न चालू असताना. आमचे विरोधक याला योगायोग म्हणतील.

पैशाचा प्रश्न एक, थकव्याचा दुसरा. आणि दुसरा प्रवाशाच्या जिवाशी जोडलेला आहे. वैमानिकाच्या कामाचे दोन हिशेब ठेवतात. एक उडण्याचे तास आणि दुसरा ड्यूटीचे तास, हजेरीपासून. आपल्याकडे वैमानिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि त्यानंतर नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले. १ जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. १ नोव्हेंबरपासून रात्रीच्या पाळीत विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. रात्र म्हणजे काय, हेही बदलले : पूर्वी मध्यरात्र ते पहाटे पाच, आता सहापर्यंत. गिरणीत रातपाळी केलेल्या कोणालाही विचारा, पाच ते सहा हा तास रात्रीत मोडतो की दिवसात. नियम कधी येणार हे पुष्कळ आधी ठाऊक असूनही देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीने पुरेशी माणसे ठेवली नव्हती, आणि डिसेंबर २०२५ च्या आरंभी तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर सामानाचे डोंगर झाले, लग्ने चुकली, मुलाखती चुकल्या. शेवटी त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत काही नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. त्या आठवड्यात आम्ही पाहिले की वर्तमानपत्रे वाचणारा मध्यमवर्गीय माणूस रागावला तो विश्रांतीच्या नियमावर. झोपेत असलेल्या वैमानिकाने आपल्याला वेळेवर पोहोचवावे अशी त्याची अपेक्षा खासच नसेल. पण त्याच्या मनातली मुंबई-दिल्ली अजून सव्वादोन तासांचीच होती.

वैमानिकांचा निदान ड्यूटीचा हिशेब आहे. विमानाच्या पोटात वाकून सामान रचणारा लोडर, शंभर-दोनशे माणसे उतरल्यावर दहाबारा मिनिटांत गाडी झाडून काढणारी बाई, उन्हात तेलाची नळी ओढणारा पोरगा, यांची नावे बहुधा ठेकेदाराच्या यादीत असतात. दोन उड्डाणांच्या मधला वेळ कमी करा, अर्ध्या तासात विमान परत सोडा, म्हणजे त्याच विमानाची दिवसाला एक खेप जास्त होते. हवेत वेग वाढवता येत नाही म्हणून तो जमिनीवर, या माणसांच्या अंगातून काढला जातो.

घड्याळ कोणाचे, हा वाद मुंबईला नवीन नाही. दिल्ली मुंबईपेक्षा सव्वाचार अंश पूर्वेला, तेव्हा सूर्य तेथे सतरा मिनिटे आधी माथ्यावर येतो. पूर्वी प्रत्येक शहराची आपली वेळ असे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सर्व देशाला एक प्रमाणवेळ लावली आणि ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. फिरोजशहा मेहतांच्या मुंबईने ती मानली नाही. कॉर्पोरेशनने मुंबई टाइम चालू ठेवला आणि तो स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला. हे सर्व पुढारी मंडळींच्या चरित्रांत वाचावयास मिळते. पण जानेवारी १९०६ मध्ये जेकब ससून मिलचे हजारो कामगार बाहेर पडले, ते कमी जणांना ठाऊक आहे. मालकांनी घड्याळ ३९ मिनिटे पुढे केले म्हणजे भोंगा ३९ मिनिटे आधी झाला, तोही थंडीतल्या अंधारात. घरी घड्याळ कोणाकडे होते? कामगार सूर्य पाहून निघत असे. उशिरा येण्याचा दंड मात्र नव्या घड्याळाने कापला जाणार होता. आज दोन्ही शहरांत एकच प्रमाणवेळ आहे, त्यामुळे सुटण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून वजा केली की प्रवासाचा वेळ निघतो. लंडनला तसे करता येत नाही आणि नवखा प्रवासी तेथे साडेचार ते साडेपाच तासांनी फसतो.

आता प्रवाशाच्या बाजूने एकदा मोजू. आमचा एक सहकारी डोंबिवलीस राहतो. सकाळी सातचे विमान. विमानतळावर दीड-दोन तास आधी पोहोचावयाचे, म्हणजे घर सोडले पावणेचारला, कारण त्या वेळी लोकल नाही आणि रिक्षा-टॅक्सी मिळेपर्यंत भरवसा नाही. दिल्लीला सव्वानऊ. उतरून, सामान घेऊन, मेट्रो धरून नवी दिल्ली स्टेशन, तेथून कचेरी : साडेदहा-अकरा. सात तास झाले. राजधानी १९७२ पासून धावते. आज ती मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचला सुटते आणि सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला पोहोचते. साडेपंधरा तास, पण त्यातले सात झोपेचे, जेवण मिळते आणि कामाचा दिवस दोन्हीकडे बुडत नाही. विमान सातपट वेगाने जाते असे गणित सांगते. डोंबिवलीच्या दारापासून ते जेमतेम दुपटीने जाते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून उड्डाणे सुरू झाली. दिल्लीचे हवाई अंतर तेथूनही जवळपास तेवढेच. पनवेल, उरण, डोंबिवलीच्या माणसाला ते सोयीचे, विरार-बोरिवलीच्या माणसाला उलटे. कोष्टकातला आकडा दोघांना एकच. या विमानतळासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळवले. उलवे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, वाघिवली ही नावे आता पुनर्वसनाच्या कागदांत अधिक सापडतात. जमिनीच्या मोबदल्यासाठी या पट्ट्यात १९८४ मध्ये जे आंदोलन झाले त्यात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात पडले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्यातून आला. त्या गावांतली मुले आज तेथे नोकरी मागण्यास उभी आहेत आणि त्यांना ठेकेदाराकडे पाठवले जाते, अशा तक्रारी आमच्याकडे येऊ लागल्या आहेत.

आमच्या संघटनेच्या कचेरीत प्रवासखर्चाचे एक बुक आहे. पूर्वी त्यात गाडीचे नाव, तिकिटाची रक्कम आणि तारीख एवढेच रकाने होते. जयपूरच्या त्या खेपेनंतर आम्ही दोन रकाने वाढवले, एक घर सोडल्याचा आणि एक घरी परत आल्याचा. दिल्लीस जाणाऱ्याचा जितका वेळ जातो तितक्या वेळाची बुडालेली मजुरी संघटना भरून देते, आणि ती या दोन रकान्यांवरून काढतात. मागल्या खेपेस दोघे एकाच विमानाने जाऊन आले. मालाडच्या माणसाच्या नावापुढे सतरा तास पडले, डोंबिवलीच्या माणसापुढे साडेएकोणीस. खजिनदारांनी विचारले की विमान एकच तर फरक कसा. आम्ही त्यांना हा लेख वाचावयास दिला आहे.